गुठळी फुप्फुसात, मग दमतं हृदय का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: मामा ६४ वर्षांचे, सहकारनगरला राहतात. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या बाराव्या दिवशी पहाटे बाथरूमला जाताना एकदम धाप लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हॉस्पिटलात आधी हार्ट अटॅकचा संशय घेतला. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं, पण अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही. मग छातीचा सीटी काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसांच्या धमन्यांत गुठळ्या दिसल्या. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारे म्हणाले, हृदयाची उजवी बाजू ताणली गेली आहे. नाडी ११२, वरचं बीपी १०४. तरी सलाईन फार देत नाहीत, गुठळी विरघळवायचं इंजेक्शनही दिलं नाही. गुठळी फुप्फुसात असेल तर हृदयाचा काय संबंध? आणि मामा पुन्हा पर्वती चढतील का, ते रोज चढायचे?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, पुण्यात २८ वर्षं अतिदक्षता विभागात वावरतोय. या आजाराबद्दल नातेवाइकांची जवळजवळ नेहमी होणारी गल्लत या प्रश्नातही आहे. त्यांना वाटतं, फुप्फुस बंद पडलं म्हणजे माणूस हवेसाठी तडफडतो आणि त्यातच जातो. मोठ्या गुठळीत तसं होत नाही. माणूस जातो तो हृदयाचा उजवा कप्पा हात टेकतो म्हणून. आम्ही कॉटजवळ उभे राहून जे काही करतो, किंवा करायचं टाळतो, ते सगळं त्या एका कप्प्याला सांभाळण्यासाठी असतं.

हृदय म्हणजे एक पंप नव्हे, एकाला एक चिकटलेले दोन पंप. डावा कप्पा रक्त सगळ्या शरीरात पाठवतो, उजवा फक्त शेजारच्या फुप्फुसांत. रक्त दोघांकडून सारखंच जातं, विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण पाच लिटर. फरक आहे तो दाबाचा. डाव्याला १२० चा दाब तयार करावा लागतो, उजव्याचं काम २०–२५ मध्ये भागतं, कारण फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या रुंद, मऊ आणि असंख्य आहेत. म्हणून डाव्या कप्प्याची भिंत सेंटिमीटरभर जाड असते आणि उजव्याची जेमतेम तीन-चार मिलिमीटर. (शाळेत ‘धमनीत शुद्ध रक्त’ असं पाठ केलेल्यांनी फुप्फुसाची धमनी अपवाद म्हणून लक्षात ठेवायची. हिच्यात अशुद्ध रक्त असतं.)

पुणे सायकलींचं शहर होतं तेव्हाचा एखादा कारकून डोळ्यांसमोर आणा. तीस वर्षं नारायण पेठेतून लक्ष्मी रस्त्यानं कॅम्पात ऑफिसला जातोय, रस्ता सपाट, दम लागायचं कारणच नाही. तो माणूस कमकुवत नाही, त्याला चढाची सवय नाही एवढंच. हा आपला उजवा कप्पा. डावा म्हणजे रोज दुधाचे कॅन लावून घाट चढणारा गवळी. आता एका पहाटे त्या कारकुनासमोर कसलीही सूचना न देता कात्रजचा घाट उभा करायचा. मोठ्या गुठळीनं नेमकं हेच होतं.

फुप्फुसांची शिल्लक तशी दांडगी असते. कॅन्सरसाठी एक अख्खं फुप्फुस काढलं तरी बसल्या जागी उरलेल्या फुप्फुसातला दाब फारसा वाढत नाही, कारण एरवी मिटलेल्या बारीक वाहिन्या उघडतात आणि रक्त वाटून घेतात. त्यामुळे छोटी गुठळी पुष्कळदा कळतही नाही. गुठळ्यांनी मात्र वाहिन्यांच्या जाळ्याचा साधारण पंचवीस ते तीस टक्के भाग बंद झाला की दाब चढू लागतो. कारण गुठळी नुसती बुचासारखी बसून राहत नाही. तिच्यातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, सेरोटोनिन आणि थ्रॉम्बोक्सेन सोडतात आणि त्यानं आजूबाजूच्या चांगल्या वाहिन्याही आवळल्या जातात. सीटीत दिसणारी गुठळी मध्यम आणि रुग्ण मात्र अत्यवस्थ, हा प्रकार आम्ही पाहतो त्याचं हे एक कारण. म्हणून नुसती फिल्म बघून ‘केवढी मोठी गुठळी!’ म्हणणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. मला आधी एको हवा असतो.

सवय नसलेला उजवा कप्पा एकाएकी किती दाब काढू शकतो, याला मर्यादा आहे. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब ४० च्या आसपास गेला की त्याची ताकद संपते. पुढे तो आकुंचन पावण्याऐवजी फुगतो. एकोत याहून बराच जास्त दाब दिसला तर आम्ही उलट विचार करतो: हा घाट आजचा नाही, हा माणूस कित्येक महिने चढ चढतोय. ते पुढे येईलच.

दोन्ही कप्पे एकाच पिशवीत बसलेले असतात आणि मध्ये एकच पडदा असतो. एसटीत दोघांच्या सीटवर शेजारचा ऐसपैस पसरला की आपण खिडकीला चेपले जातो, तसा फुगलेला उजवा कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो. एकोत एरवी गोल दिसणारा डावा कप्पा एका बाजूनं चपटा दिसायला लागतो. म्हणजे डाव्याकडे दोन अडचणी एकदम येतात. फुप्फुसांतून पुढे येणारं रक्त कमी, आणि जे येतं त्याला भरायला जागा कमी. तो स्वतः ठणठणीत असतो, पण त्याच्या हंड्यात पाणीच येत नाही. बीपी उतरतं ते यामुळे. मामांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली तीही यामुळेच.

इथून दुष्टचक्र सुरू होतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या महाधमनीतून निघतात. एरवी उजव्या कप्प्यातला दाब इतका कमी असतो की त्याच्या भिंतीला आकुंचनातही आणि प्रसरणातही रक्त मिळत राहतं. आता आतला दाब वाढला, भिंत ताणली गेली आणि महाधमनीतला दाब उतरला. सगळ्यात जास्त राबणाऱ्या स्नायूचाच शिधा तुटला. तो आणखी थकतो, आणखी फुगतो, बीपी आणखी उतरतं. तुमच्या मामांचं ट्रोपोनिन वाढलं आणि अँजिओग्राफी मात्र स्वच्छ निघाली, त्याचं कोडं इथे सुटतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती हे खरंच, फक्त ती ब्लॉकमुळे नव्हती, ताणामुळे होती. आधी हार्ट अटॅक म्हटल्याबद्दल त्या डॉक्टरांवर चिडू नका. ईसीजीसुद्धा यात भल्याभल्यांना चकवतो.

आता सलाईन. बीपी कमी म्हटलं की आपल्याकडे घरचे म्हणतात, ‘अहो, एक बाटली तरी लावा.’ जुलाबात, डेंग्यूत, रक्तस्रावात ते बरोबर आहे, तिथे टाकी रिकामी झालेली असते. इथे टाकी भरून वाहतेय, पुढचा रस्ता बंद आहे. घाटात धापा टाकणाऱ्या त्या कारकुनाच्या कॅरिअरवर आणखी एक पोतं ठेवण्यातला हा प्रकार. उजवा कप्पा जास्त फुगतो, पडदा जास्त सरकतो आणि सलाईन देऊन बीपी उतरतं. फार तर पाव ते अर्धा लिटर, तेही नजर ठेवून. त्याऐवजी गरज पडली तर रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनालिन सुरू करतात, म्हणजे महाधमनीतला दाब टिकतो आणि उजव्या स्नायूला रक्त मिळतं. व्हेंटिलेटरलाही आम्ही याच कारणानं कचरतो. रुग्ण कितीही धापत असला तरी नळी घालण्यासाठी दिलेलं गुंगीचं औषध बीपी पाडतं आणि यंत्रानं आत ढकललेली हवा उजव्या कप्प्यावरचा भार वाढवते. त्या पाच मिनिटांत हृदय थांबलेलं मी पाहिलंय.

ऑक्सिजन मात्र द्यायचा, कारण ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसांतल्या वाहिन्या आणखी आवळतात. पण बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गुठळी बरीच असूनही तो चांगला राहू शकतो. त्यापेक्षा नाडी पाहावी. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की माझे कान टवकारतात. मामांची नाडी ११२ आणि बीपी १०४, म्हणजे वरवर ‘बीपी बरं आहे’ म्हणता येईल, पण उजवा कप्पा काठावर उभा आहे. त्यांना आयसीयूत ठेवलंय ते उगाच नाही.

या आजाराची एक ओळख मला माझ्याच चुकीनं शिकवली. वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या हॉस्पिटलात काम करायचो तिथे ऐन गौरी-गणपतीत एक तरुण बाई आली, तिशीही न उलटलेली. दोन दिवस चालताना धाप लागत होती. छाती तपासली, स्वच्छ. एक्स-रे स्वच्छ. नाडी ११८. घरात पाहुणे, सोवळं-ओवळं, जागरण; मी मनाशी ठरवून टाकलं की हा ताण आहे, आणि झोपेची हलकी गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी ती स्ट्रेचरवरून आली. एकोत उजवी बाजू फुग्यासारखी. नंतर तिच्या नणंदेनं सांगितलं की गौरींच्या वेळी अडचण नको म्हणून ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत होती. मी विचारलंच नव्हतं. ती वाचली, स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननं. पण तेव्हापासून ‘छाती स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, तरी धाप आणि नाडी पळतेय’ हे चित्र दिसलं की मी आधी पोटऱ्या बघतो, मग औषधांची पिशवी उलटी करायला सांगतो. त्या गोळ्यांत बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी लांबवायला ते जेवढ्या मात्रेत घेतात त्यातला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन रक्त गोठण्याकडे झुकवतं. बहुतेक जणींना काही होत नाही. पण वजन जास्त असेल, घरात कुणाला गुठळीचा त्रास झालेला असेल, अर्धशिशीबरोबर डोळ्यांपुढे चमक येत असेल, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. दरवर्षी श्रावण लागला की मी हे सांगत सुटतो, घरचे कंटाळलेत.

मामांच्या बाबतीत कारण शोधायला लांब जायला नको. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरानं १८४६ च्या सुमारास दाखवलं की फुप्फुसातली गुठळी बहुधा तिथली नसते, ती पायाच्या खोल शिरांत तयार होऊन वाहत येते. रक्त गोठायची तीन कारणं त्याच्या नावानं आजही शिकवतात: प्रवाह मंदावणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताचा स्वभावच गोठण्याकडे झुकणं. गुडघ्याच्या ऑपरेशनात ही तिन्ही एकाच आठवड्यात हजर असतात. म्हणून ऑपरेशननंतर रक्त पातळ करायचं औषध काही दिवस देतात आणि फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवसापासून घोटा हलवा, उभे राहा म्हणून मागे लागतो. ‘अहो, दुखतंय, दोन दिवस पडू दे त्यांना’ म्हणून त्याला परत पाठवणारे प्रेमळ नातेवाईक मी पाहिलेत. त्यांनी तसं करू नये. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर तेल लावून चोळू नये. आधी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी.

प्रवासाचं भय थोडं अवास्तव आहे, पण निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली मांडलेला निष्कर्ष असा की चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो, रेल्वे असो की बस. मुळात धोका कमी असल्यामुळे दुप्पट होऊनही तो कमीच राहतो, सहा हजारांत एक असा. त्यामुळे रात्रीच्या बसनं नागपूरला निघालेल्या धडधाकट माणसानं घाबरायचं कारण नाही, एखाद्या थांब्यावर उतरून चालावं. ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेल्यानं मात्र असा लांबचा प्रवास करून लग्नाला जाऊ नये.

पुण्यात आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. रिपोर्टात होमोसिस्टीन (रक्तातला एक घटक, तो वाढला की गुठळीशी संबंध जोडतात) वाढलेलं असतं आणि लोक तो कागद घेऊन घाबरून येतात. इथे बी-१२ ची कमतरता किती आहे हे केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्या-आसपासच्या पुरुषांत पाहिलं होतं. २००६ च्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी भरलं. बी-१२ कमी तर होमोसिस्टीन जास्त, हा हिशेब सरळ आहे. कमतरता भरून काढावी, पण जीवनसत्त्वाच्या गोळीनं गुठळीपासून संरक्षण मिळेल असं समजून रक्त पातळ करायचं औषध सोडू नये. डी-डायमरचंही तसंच, म्हणजे गुठळी विरताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांच्या तपासणीचं. कोविडच्या दिवसांत हा शब्द घराघरांत पोचला आणि आता लोक स्वतःच्या मनानं ती तपासणी करून येतात. ती नॉर्मल आली आणि लक्षणंही किरकोळ असतील तर गुठळी नाही असं म्हणायला उपयोगी पडते. वाढलेली आली तर तिचा अर्थ फारसा लागत नाही. ऑपरेशन, गरोदरपण, ताप, नुसतं वय, कशानंही ती वाढते. पन्नाशीनंतर तर ५०० ऐवजी वयाला दहानं गुणून मर्यादा धरतात, मामांसाठी ६४०. अर्थात ताज्या ऑपरेशननंतर मी त्यांची ही तपासणी केलीच नसती, थेट सीटीला पाठवलं असतं.

मग विरघळवायचं इंजेक्शन का नाही दिलं? बीपी ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिलं असतं तर चित्र वेगळं असतं. तिथे जीव वाचवायला ते द्यावंच लागतं, ऑपरेशन ताजं असलं तर तार घालून गुठळी ओढून काढण्याचा पर्याय बघतात. मामांसारख्या मधल्या गटासाठी, म्हणजे बीपी टिकलंय पण उजवा कप्पा ताणलाय अशांसाठी, ‘पेइथो’ नावाची चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, १००५ रुग्णांवरची. इंजेक्शन दिलेल्यांत सात दिवसांत मृत्यू किंवा बीपी कोसळणं २.६ टक्के, न दिलेल्यांत ५.६ टक्के. ऐकायला छान. पण मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण ०.२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर गेलं, आणि निव्वळ मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. त्यात मामांचा गुडघा उघडून बाराच दिवस झालेत. त्यांच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मीही रक्त पातळ करणारं हेपरिन चालू ठेवून, विरघळवायच्या इंजेक्शनची सिरिंज तयार ठेवून, दर तासाला नाडी बघत बसलो असतो. हे बसणं नातेवाइकांना ‘काहीच करत नाहीत’ असं वाटतं.

हेपरिन गुठळी विरघळवत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. ते फक्त तिला वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, त्याला वेळ हवा असतो. नंतर गोळ्या. एपिक्सॅबॅन, रिव्हॅरॉक्सॅबॅन ही नवी औषधं असतील तर रक्ततपासणीचा व्याप कमी. जुनी अॅसिट्रोम किंवा वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, आणि पालेभाजी बंद करायची नाही, फक्त आज मेथीचा डोंगर नि पुढे आठवडाभर काहीच नाही असं करायचं नाही. ऑपरेशनसारखं स्पष्ट कारण असेल तर बहुधा तीन महिने पुरतात. या काळात गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी परस्पर घेऊ नये. पोटात रक्तस्राव होऊन आलेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो.

उजवा कप्पा मोठ्या मनाचा असतो. घाट संपला की त्याचा दम लवकर बसतो, आणि बहुतेकांत काही आठवड्यांतच एको पूर्ववत होतो. पण शंभरांतल्या दोन ते चार जणांत गुठळी पुरती विरघळत नाही. ती वाळून, धाग्यांसारखी होऊन धमनीच्या आतल्या अस्तराला चिकटते, आणि घाट कायमचा होतो. मग तो कारकून हळूहळू पैलवान बनतो: उजव्या कप्प्याची भिंत जाड होते, दाब ७०–८० पर्यंत जातो, माणूस हिंडता-फिरता असतो, फक्त जिना चढताना थांबतो. वर्ष-दोन वर्षांनी पैलवानही थकतो, पाय सुजतात, यकृत फुगतं. दुःख याचं की यातले पुष्कळ जण दमा किंवा ‘वय झालं’ या नावाखाली औषधं खात राहतात, आणि यावर ऑपरेशन आहे. छाती उघडून, शरीर वीसएक अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ पूर्ण थांबवून, धमनीतलं ते अस्तर सोलून काढतात. देशात मोजक्या ठिकाणी होतं. ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी फुग्यानं वाहिन्या रुंद करणं आणि रिओसिग्वॅट नावाची गोळी आहे. पण शोधलं तरच सापडतं. शोधायची तपासणी म्हणजे फुप्फुसांत हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतंय ते दाखवणारा व्हीक्यू स्कॅन, आणि वेळ म्हणजे तीन महिने नीट औषध घेऊन झाल्यावरही धाप राहिली असेल तेव्हा.

तर पर्वती. गुडघ्याच्या सर्जनची परवानगी घ्या, आणि पहिले सहा आठवडे सपाट रस्त्यावरच, सारसबागेत चाला. मग पायऱ्या. एकूण १०३ आहेत, मामांना सांगायला नको. आठवड्यातून एकदा, कुणाला तरी बरोबर घेऊन, घाई न करता चढायला लावा. गुडघ्यामुळे थांबले की धापेमुळे थांबले, ते वेगळं लिहा, आणि कितव्या पायरीवर थांबले तो आकडा तारखेसह वहीत टिपून ठेवा. तीन महिन्यांनी एको करून घ्या आणि रिपोर्टाबरोबर ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवा. आकडा वर वर सरकत असेल तर औषध थांबवायचं बोलणं सुरू करता येईल. चाळिसाव्या पायरीवरच अडकून बसला असेल, तर एको कितीही बरा दिसो, व्हीक्यू स्कॅन मागून घ्या.